सागरतीर आणि आजचे चित्रकार

पुण्याहून कोंकणांत उतरण्याच्या ज्या वाटा आहेत, त्यांतली एक भूगांवावरून जाते. चांदणी चौक ओलांडला कीं भूगांव, मग पिरंगुट, पौड, मुळशीचें धरण, ताम्हिणीचा घाट आणि खालीं माणगांव, असा तो रस्ता आहे. भूगांवांतून समुद्र दिसत नाहीं. तरीहि या मुलुखाचें समुद्राशीं एक नातें आहे. मुळशीच्या खोऱ्यांतलें पाणी स्वभावतः पूर्वेकडे, मुळा, भीमा, कृष्णा या वाटेनें बंगालच्या उपसागराकडे जाणारें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापति बापटांनीं ज्यापायीं कारावास पत्करला, तें धरण पुरें झाल्यावर हें पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथील वीजघरावर सोडण्यांत आलें. तेथून तें कुंडलिकेच्या पात्रांत उतरून रेवदंड्यापाशीं अरबी समुद्रास मिळूं लागलें. पाण्याची दिशा फिरली तशी माणसांचीहि फिरली आहे. भूगांवास ज्या नव्या वसाहती उठल्या, त्यांतील कुटुंबें सुटीचे दोन दिवस हातीं आले कीं ताम्हिणीमार्गें किनाऱ्याकडे धांवतात. परत आल्यावर दिवाणखान्याच्या मोकळ्या भिंतीवर समुद्राचें एखादें चित्र असावें, असें त्यांस वाटूं लागतें.

तें चित्र मिळण्यास अडचणहि पडत नाहीं. चारपांच समकालीन चित्रकारांनीं एकत्र येऊन, सागरतीराचा विषय ठरवून, एखादें कलादालन आठवडाभर घ्यावें, हा प्रघात आतां चांगलाच रुळला आहे. अशा सामुदायिक प्रदर्शनांत कसबाची वाण सहसा नसते. जलरंग स्वच्छ वाहतात, तैलरंगाचे थर आत्मविश्वासानें दिलेले असतात, चौकटी नीटस असतात. प्रेक्षक प्रसन्न होतो. त्याचें मन प्रसन्न झालें यांत गैर कांहींच नाहीं. तथापि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जातांना एक गोष्ट हळूहळू ध्यानांत येते. चित्रकार पांच असले तरी बसण्याची जागा एकच आहे. पुळणीवर पाण्याकडे तोंड करून मांडलेली ती पाहुण्याची खुर्ची होय. समोर ओढून ठेवलेली होडी, डावीकडून झुकलेली नारळी आणि वेळ सायंकाळची.

वेळ नेहमीं सायंकाळचीच कां असावी? पाहुणा चहा घेऊन त्याच वेळीं किनाऱ्यावर येतो, याहून दुसरें कारण दिसत नाहीं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचें घड्याळ मात्र सूर्यावर चालत नाहीं. तें चंद्रावर चालतें. भरती रोज सुमारें पाऊण तास पुढें सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासानें निघते, हा कोंकणांतला जुना ढोबळ हिशेब आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढेंमागें. होडी लोटावयाची केव्हां, जाळें ओढावयाचें केव्हां, अलिबागेहून कुलाब्याच्या किल्ल्यांत पायीं जावयाचें केव्हां, हें सारें या हिशेबावर ठरतें. आतां हाच हिशेब एखाद्या चित्रास लावून पाहावा. चित्राचें नांव 'पौर्णिमेची सांज', पाणी कांठोकांठ भरलेलें आणि समुद्रावर नुकताच वर आलेला वाटोळा चंद्र. चित्र मोहक असतें. पण पौर्णिमेच्या सांजवेळीं या किनाऱ्यावर ओहोटी असते, आणि उगवता चंद्र पाहणाऱ्याच्या पाठीमागें, डोंगराच्या बाजूस असतो. पूर्ण चंद्र आणि समुद्र यांची गांठ पहांटे पडते, आणि तेव्हांहि पाणी दूर गेलेलें असतें. चित्रकारानें पंचांग घेऊन बसावें असें कोणी म्हणणार नाहीं. कल्पनेनें हवें तें करावें. पण पाहून काढलें म्हणून सांगूं नये.

येथें आणखी एक गोष्ट बोलून टाकलेली बरी. नभोवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं. चित्राविषयीं बोलणाऱ्यास श्रोत्याच्या आठवणीवरच काम भागवावें लागतें, आणि नारळी-होडीचें चित्र श्रोत्याच्या आठवणींत इतकें पक्कें बसलेलें आहे कीं त्याचें वर्णन करण्याची गरजहि पडत नाहीं. समुद्र खरोखर पाहिलेल्या चित्रांविषयीं सांगावयाचें झालें कीं मात्र शब्द अपुरे पडूं लागतात.

मुंबईंत चित्रकलेचें शिक्षण १८५७ सालीं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या स्थापनेनें सुरू झालें, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्यें निघाली. ज्या शहरास तीन बाजूंनीं पाणी, तेथें समुद्राचें चित्र आधीं पिकावें अशी अपेक्षा. झालें निराळेंच. मान होता तो व्यक्तिचित्राला आणि पौराणिक प्रसंगांच्या रचनेला. निसर्गदृश्य काढणारे निघाले तेहि घाटावर रमले. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनीं कोटितीर्थाचें तळें आयुष्यभर पाहिलें; नाशिकच्या गोदाघाटानें कित्येकांच्या कुंचल्यास काम दिलें. हें केवळ आवडीनिवडीचें प्रकरण नसावें. इंग्रजी जलरंगाच्या पद्धतींत दृश्याला तीन पायऱ्या लागतात. जवळ एखादें झाड, मध्यें घर किंवा देऊळ, दूर डोंगर. नाशिक या तिन्ही पायऱ्या हात जोडून पुढें करतें. समुद्र यांतलें कांहींच देत नाहीं. खालीं एक पट्टा, वर एक पट्टा आणि दोहोंमध्यें एक रेघ. त्या रिकामेपणाला घाबरून चित्रकार डावीकडे नारळ लावतो आणि उजवीकडे होडी ठेवतो. नारळीचा दोष नाहीं. ती तेथें आहेच. परंतु ती बहुतेक चित्रांत टेकू म्हणून येते. शिवाय कोंकणची हवा. श्रावणांत कागदावरचा रंग घटका घटका वाळत नाहीं, वैशाखांत तो कुंचल्यावरच सुकतो, आणि भर दुपारीं जांभ्या दगडाची तांबडी भिंत, चुन्याची पांढरी कड व वाळू यांवर प्रकाश असा उभा पडतो कीं सावली नांवाला उरत नाहीं. शाळेंत शिकविलेली छायाप्रकाशाची युक्ति तेथें निरुपयोगी ठरते.

सामुदायिक प्रदर्शनाचा विषय निघाला कीं १९४९ सालाचें नांव घ्यावेंच लागतें. १९४७ मध्यें स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचें प्रदर्शन त्या वर्षीं मुंबईंत रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनांत भरलें, आणि मुल्कराज आनंद यांनीं त्याचें उद्घाटन केलें. चित्रकार व शिल्पकार मिळून सहा जण होते: सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे. त्यांत जन्मानें किनाऱ्याचा असा एक सूझा. तो गोव्यांतल्या साळगांवचा. रझा मध्यप्रदेशांतल्या रानांतून आलेले, गाडे विदर्भांतले, हुसेन पंढरपूरचे, आरा हैदराबादेजवळच्या बोलारमचे आणि सदानंद बाकरे बडोद्याचे. समुद्र हा त्यांच्या प्रदर्शनाचा विषय नव्हता. तरी त्यांच्या निमित्तानें एक गोष्ट स्पष्ट झाली. एकत्र येण्यास समान विषय लागत नाहीं. समान अस्वस्थता पुरते. आजचीं पुष्कळशीं सामुदायिक प्रदर्शनें नेमकी याच्या उलट बाजूनें बांधलेलीं असतात.

हा गट फार काळ टिकला नाहीं. सूझा १९४९ मध्यें लंडनला गेला, रझा १९५० मध्यें पॅरिसला, बाकरे १९५१ मध्यें लंडनला. बाकरे मूळचे शिल्पकार. परदेशांत ते चित्रेंहि काढूं लागले. १९७५ मध्यें ते परत आले. मुंबईच्या कलाजगतांत स्थान मिळविण्याच्या खटपटींत न पडतां रत्नागिरी जिल्ह्यांत हर्णैजवळच्या मुरुडास जाऊन राहिले. जंजिऱ्याचें मुरुड तें निराळें. हें दापोली तालुक्यांतलें, महर्षि कर्व्यांचें. तेथें त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ काढला, आणि २००७ सालीं त्यांचें निधन झालें. त्या अवधींत त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या चित्रांना जगाच्या बाजारांत अपार किंमत येऊं लागली होती. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ऐकण्यासाठीं जाणाऱ्या पर्यटकांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल कीं त्या गाजलेल्या सहांतला एक जण येथून हांकेच्या अंतरावर राहत होता.

मुंबईंत समुद्रासमोर चित्रकारांचा खरा मेळावा जमला तो वॉर्डन रोडवर. भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यांत त्यांच्या नांवानें चाललेल्या संस्थेंत पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत चित्रकारांना कामासाठीं खोल्या मिळत. रविशंकरांची किन्नर संस्था तेथेंच होती. अल्काझींची नाटकें तेथल्या गच्चीवर होत. बंगल्यापुढें ब्रीच कँडीचा समुद्र. याच वास्तूंत वासुदेव गायतोंडे काम करीत. ते १९२४ सालीं नागपुरांत जन्मले, घराणें गोव्याकडचें, वास्तव्य गिरगांवांतल्या चाळींत. स्वतःच्या चित्रांना ते वस्तुनिरपेक्ष म्हणत. समोरच्या कोणत्याहि वस्तूचें हें चित्र नव्हे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याचा मान राखला पाहिजे. तरीहि त्या काळांतलें त्यांचें एखादें चित्र नीट पाहावें. रुळानें आणि सुरीनें रंगाचे थर चढविलेले, कांहीं ठिकाणीं खरवडलेले. करडा, हिरवट किंवा पिवळसर विस्तार. त्यांत कोठें तरी एक आडवी हालचाल, आणि तिच्या आधारानें तरंगणारे चारदोन आकार. होडी म्हणावी तर होडी नाहीं, खडक म्हणावा तर खडक नाहीं. परंतु दुपारच्या धुरकट उजेडांत पाण्यावर दूर कांहीं तरी आहे आणि तें काय आहे हें ठरत नाहीं, अशा वेळीं डोळ्याची जी स्थिति होते, ती या चित्रापुढें होते. नारळी काढून टाकली, होडी काढून टाकली, शेवटीं समुद्रहि काढून टाकला, आणि पाहणें तेवढें शिल्लक ठेवलें. १९७२ मध्यें गायतोंडे दिल्लीस गेले. २००१ मध्यें त्यांचें देहावसान झालें. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनें त्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें.

याच वास्तूंत नसरीन मोहमदी यांचीहि एक खोली होती. त्या १९३७ सालीं कराचींत जन्मल्या, मुंबईंत वाढल्या, लंडनला शिकल्या आणि पुढें बडोद्याच्या कलाविद्यालयांत शिकवीत. त्यांच्या कागदावर रंग जवळजवळ नाहींच. शिसपेन्सिल, शाई आणि वास्तुशास्त्रज्ञाच्या मेजावरचीं उपकरणें एवढ्या साहित्यानें ओढलेल्या बारीक समांतर रेषा; कोठें दाट, कोठें विरळ, कोठें मध्येंच थांबलेल्या. हिला सागरतीराची चित्रकर्ती म्हटलें तर प्रथम हंसूं येईल. परंतु त्यांनीं काढलेलीं छायाचित्रेंहि आहेत, आणि त्यांत किनाऱ्याचीं पुष्कळ आहेत. ओहोटीनें वाळूवर ओढलेल्या रेघा, पाण्याची कड, ओल्या पुळणीवरची तिरपी चकाकी. हयातींत त्यांनीं हीं छायाचित्रें प्रदर्शनांत मांडलीं नाहींत. तीं पाहिल्यावर कागदावरच्या रेषेचें माहेर कोठें असावें याचा तर्क करतां येतो. उतारवयापूर्वींच स्नायूंवरचा ताबा कमी कमी करीत नेणारें दुखणें त्यांस जडलें. आश्चर्य असें कीं त्या काळांतली रेषा अधिकच निश्चल होत गेली. १९९० मध्यें अलिबागजवळच्या किहीम येथें त्या वारल्या. २०१६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनें मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हां आरंभीच्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या कामाचें प्रदर्शन होतें. किहीमचेंच आणखी एक स्मरण असें कीं पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनीं १९३० च्या सुमारास येथेंच सुगरणीच्या घरट्यांचें निरीक्षण केलें. एकाच गांवांत दोघांनीं, निरनिराळ्या काळीं, अंगणापुढें जें आहे तें न कंटाळतां पाहिलें.

अलिबागेचा हा किनारा या दृष्टीनें नवलाचा आहे. किहीमच्या उत्तरेस सासवणें. पुण्यांतल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलपुढचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनीं १९२८ सालीं घडविला, ते शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर या सासवण्याचे. त्यांचें घर आज संग्रहालय आहे. तेथें पुतळ्यांमधून फिरतांना समुद्राचा देखावा कोठेंहि भेटत नाहीं. भेटतात तीं समुद्रकांठचीं माणसें आणि जनावरें. खांद्याचा, कमरेचा, मानेचा जो बांक भार वाहून आणि वल्हें मारून येतो, तो करमरकरांनीं मातींत पकडला. किनारा पाहण्याची हीहि एक रीत आहे, आणि ती नसरीन यांच्या रीतीपासून जितकी दूर भासते तितकी दूर नाहीं. दोघांनींहि देखावा टाळला आहे.

अलिबागच्या दक्षिणेस नागांव. तेथें १९३६ सालीं प्रभाकर बरवे जन्मले. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शंख, ढग, किल्ली अशा वस्तु सपाट अवकाशांत एकमेकींपासून अलग पडलेल्या असतात. त्यांचा परस्परसंबंध काय हें चित्र सांगत नाहीं. यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे, आणि स्वतः बरव्यांनीं 'कोरा कॅनव्हास' या १९९० सालच्या पुस्तकांत आपल्या विचाराची वाट मराठींत उलगडून दाखविली. मराठी घरांत हें पुस्तक असावयास हवें. तेवढा शांत विचार चित्रकाराच्या हातून क्वचितच लिहिला जातो. येथें एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं ओहोटीच्या वेळीं नागांवच्या पुळणीवर चालणाऱ्यास असाच पसारा दिसतो. एक शिंपला, बऱ्याच अंतरावर दोराचा तुकडा, पलीकडे एक पीस. मध्यें नुसती ओली, सपाट, उजळ जागा. बरव्यांनीं तें तेथूनच घेतलें असें सिद्ध करतां येणार नाहीं. पण तें पाहून आल्यावर बरव्यांचें चित्र कमी दुर्बोध वाटतें, हा अनुभव कोणासहि घेतां येईल. भूगांवाहून ताम्हिणीमार्गें निघालेल्या कुटुंबास सासवणें, किहीम आणि नागांव हीं तिन्ही स्थळें एका दिवसांत पाहून होतात. वाटेंत रेवदंड्यास कुंडलिकेचें मुख लागतें, आणि मुळशीचें पाणी समुद्रांत जातांना दिसतें.

ज्यांचीं नांवें येथवर आलीं, त्यांपैकीं एकानेंहि दिवाणखान्याच्या भिंतीचा विचार केला नव्हता. आजच्या चित्रकारानें तो करूं नये असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. दालनाचें भाडें, रंगांची किंमत, घरखर्च हे कोणास चुकले आहेत? प्रश्न विक्रीचा नाहींच. प्रश्न असा आहे कीं ज्या किनाऱ्याचें चित्र विकलें जात आहे, तो किनारा तसा राहिलेला आहे काय. ब्रीच कँडीच्या त्या बंगल्याच्या जागीं उंच इमारत उभी राहून पुष्कळ वर्षें झालीं. आतां त्यापुढचा समुद्रहि मागें सरला आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंत सुमारें साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग झाला. त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्यें वाहतुकीस खुला करण्यांत आला. त्यासाठीं शंभर हेक्टरांहून अधिक जागा भर घालून समुद्रांतून काढली गेली. गायतोंड्यांच्या दिवसांत ज्या खडकांवर लाटा फुटत, त्यांच्यापुढें आतां रस्ता आहे. रस्ता सोयीचा आहे. मुंबईकरांचा वेळ वांचतो. पण चित्रकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर शहराची कड नव्यानें आंखली गेली, आणि तशी घटना एका माणसाच्या आयुष्यांत वारंवार घडत नाहीं.

वरळीच्या कोळीवाड्यांत या आंखणीवरून मोठा वाद झाला. क्लीव्हलंड बंदराजवळ पुलाच्या दोन खांबांमध्यें ६० मीटर अंतर ठेवण्याचें ठरलें होतें. खवळलेल्या पाण्यांत होड्या एवढ्या फटींतून सुखरूप बाहेर काढतां येणार नाहींत, असें कोळ्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं काम अडविलें, हट्ट सोडला नाहीं, आणि अखेर तें अंतर १२० मीटर करण्याचें मान्य झालें. ज्यांच्या घरचें घड्याळ तिथीवर चालतें त्यांना वारा, प्रवाह आणि होडीची लांबी यांचा मेळ नकाशापुढें बसलेल्यांहून अधिक अचूक ठाऊक होता. त्या खांबांमधून होडी बाहेर पडण्याची वेळ एखाद्या चित्रांत यावयास हवी. तिच्यांत नारळी नाहीं, सूर्यास्त बहुधा नाहीं. काँक्रीटचे दोन उभे पट्टे, मध्यें हलणारें पाणी आणि मागें ती जुनी रेघ. यंदाच्या हिंवाळ्यांत जे चित्रकार वरळीस फलक लावून बसतील, ते खांबांकडे तोंड करून बसतात कीं पाठ करून, हें दालनाचीं दारें उघडलीं म्हणजे कळेल.